शाळेतच महाविद्यालयाचा अभ्यास : लाभ किती, भार किती?

लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातील गारफिल्ड हायस्कूल ही १९८० च्या दशकाच्या आरंभी कोणाच्या खिजगणतीतही नसलेली शाळा होती. विद्यार्थी बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या, कष्टकरी कुटुंबांतील. अशा शाळेतील अठरा विद्यार्थी १९८२ च्या मे महिन्यात महाविद्यालयीन पातळीच्या कलनशास्त्राच्या, म्हणजे कॅलक्युलसच्या परीक्षेला बसले आणि उत्तीर्ण झाले. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला मात्र हा निकाल पचला नाही. उत्तरांतील साम्याकडे बोट दाखवून तिने चौदा जणांवर संशय घेतला आणि पुन्हा परीक्षा देण्यास सांगितले. बारा जण ऑगस्टमध्ये पुन्हा परीक्षेला बसले व बाराही जण पुन्हा उत्तीर्ण झाले. त्यांना शिकविणारे बोलिव्हियाहून आलेले गणिताचे शिक्षक हायमे एस्कलांते यांच्यावर १९८८ मध्ये 'स्टँड अँड डिलिव्हर' हा चित्रपट निघाला आणि 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' अर्थात 'एपी' हे नाव अमेरिकेच्या घराघरांत पोहोचले.

आज हे नाव मुंबई-पुण्यातील पालकांच्या बोलण्यातही सहज येते. परदेशी विद्यापीठात प्रवेश हवा तर एपी घ्यावे की आयबी, किती विषय घ्यावेत, बारावीच्या अभ्यासाबरोबर ते झेपेल काय, त्याने शुल्क वाचते काय, असे प्रश्न दहावीच्या निकालाआधीच सुरू होतात. समुपदेशकांच्या कार्यालयांतून मिळणारी उत्तरे बहुधा एकाच सुरातली असतात : जितके जास्त, तितके चांगले. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. या अभ्यासक्रमांचे मोल खरे आहे. पण ते कशामुळे मिळते, कोणाला मिळते आणि त्याची किंमत काय, हे समजून घेतल्याखेरीज निर्णय करणे महागात पडू शकते.

बोर्ड नसलेल्या देशाची गरज

अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. आपल्याकडे राज्य मंडळाची बारावीची परीक्षा असते, तशी सर्वांना समान असणारी शालान्त परीक्षा तेथे नाही. पन्नास राज्ये, त्यांत हजारो शिक्षण जिल्हे, आणि प्रत्येकाचा अभ्यासक्रम वेगळा. एका शाळेतील 'ए' श्रेणी आणि दुसऱ्या शाळेतील 'ए' श्रेणी यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. प्रवेश देणाऱ्या विद्यापीठाने या दोन विद्यार्थ्यांची तुलना कशाच्या आधारे करायची, हा जुनाच पेच आहे.

एपीचा जन्म मात्र दुसऱ्या एका गरजेतून झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर, शीतयुद्धाच्या काळात हुशार मुलांचा वेळ वाया जात असल्याची भावना अमेरिकेत बळावली होती. शाळेच्या शेवटच्या वर्षात जे शिकवले, तेच महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात पुन्हा शिकवले जात होते. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी फोर्ड फाउंडेशनच्या आर्थिक साहाय्याने दोन प्रयत्न झाले. अँडोव्हर, एक्झिटर व लॉरेन्सव्हिल या तीन नामवंत शाळा आणि हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन ही तीन विद्यापीठे यांनी एकत्र बसून या पुनरुक्तीचा अभ्यास केला. दुसरीकडे केनियन कॉलेजच्या पुढाकाराने काही महाविद्यालयांनी शाळांतच शिकविता येतील असे महाविद्यालयीन पातळीचे अभ्यासक्रम आखले. १९५५ मध्ये 'कॉलेज बोर्ड' या संस्थेने हा कार्यक्रम आपल्या हाती घेतला. १९५६ साली या परीक्षांना बसलेल्या विद्यार्थ्यांची संख्या होती जेमतेम बाराशे. २०२३ मध्ये ती २८ लाखांच्या घरात गेली. मोजक्या श्रीमंत शाळांतील मोजक्या हुशार मुलांसाठी निघालेली ही वाट आता हमरस्ता झाली आहे, आणि तिच्याविषयीच्या बहुतेक वादांचे मूळ या स्थित्यंतरात आहे.

एपी चालते कसे?

एपीमध्ये आज सुमारे चाळीस विषय आहेत. कलनशास्त्र, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, इतिहास, संगणकशास्त्र, कला, परकीय भाषा असा त्यांचा पल्ला आहे. शाळेला यांपैकी एखादा विषय 'एपी' या नावाने शिकवायचा असेल, तर २००७ पासून लागू झालेल्या पद्धतीनुसार शिक्षकाची अभ्यासक्रम-योजना कॉलेज बोर्डाकडून मान्य करून घ्यावी लागते. वर्षअखेरीस, मे महिन्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत जगभर एकाच वेळापत्रकानुसार परीक्षा होते. बहुतेक परीक्षांत अर्धा भाग पर्यायी प्रश्नांचा व अर्धा लेखी उत्तरांचा असतो. लेखी उत्तरे जून महिन्यात महाविद्यालयीन प्राध्यापक व अनुभवी शालेय शिक्षक तपासतात. जुलैमध्ये निकाल येतो. २०२५ पासून बहुसंख्य परीक्षा संगणकावर घेतल्या जाऊ लागल्या आहेत.

गुणांकन एक ते पाच असे. तीन म्हणजे पात्र, चार म्हणजे चांगल्या प्रकारे पात्र आणि पाच म्हणजे अत्युत्तम. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. शाळेतला एपीचा वर्ग आणि एपीची परीक्षा या दोन स्वतंत्र बाबी आहेत. वर्ग करून परीक्षा न देणारे विद्यार्थी असतात. तसेच शाळेत तो विषय नसताना घरी अभ्यास करून परीक्षा देणारेही असतात. वर्गातील श्रेणी शाळेच्या गुणपत्रिकेवर उमटते, परीक्षेचा गुण स्वतंत्र राहतो. अनेक शाळा एपीच्या श्रेणीला जादा वजन देतात. साध्या विषयातील 'ए'ला चार गुण, तर एपीतील 'ए'ला पाच. त्यामुळे चारांपैकी ४.३ अशी वरकरणी अशक्य वाटणारी सरासरी अमेरिकी गुणपत्रिकांवर सर्रास दिसते.

आयबी आणि दुहेरी प्रवेश

एपी हे सुट्या विषयांचे दुकान आहे. हवा तो विषय घ्यावा. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे 'आयबी'चा डिप्लोमा हे संपूर्ण ताट आहे. १९६८ मध्ये जिनिव्हात स्थापन झालेल्या या संस्थेचा अकरावी-बारावीसाठीचा दोन वर्षांचा डिप्लोमा सहा विषयांचा असतो. सामान्यतः तीन विषय उच्च पातळीवर व तीन साधारण पातळीवर. उच्च पातळीच्या विषयासाठी २४०, तर साधारण पातळीसाठी १५० तासांचे अध्यापन अपेक्षित आहे. प्रत्येक विषयाला सात गुण. याखेरीज ज्ञानमीमांसेचा एक अभ्यासक्रम, चार हजार शब्दांपर्यंतचा संशोधनपर प्रदीर्घ निबंध, आणि कला, क्रीडा व समाजसेवा यांचा अनुभव. निबंध व ज्ञानमीमांसेचे मिळून तीन गुण. म्हणजे एकूण ४५. डिप्लोमासाठी किमान २४ गुण आणि इतर काही अटी पूर्ण कराव्या लागतात.

भारतात आयबीचे आगमन १९७६ साली कोडाईकॅनॉल इंटरनॅशनल स्कूलमधून झाले. महाराष्ट्रात १९९७ मध्ये पुण्याजवळ सुरू झालेले महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज आणि २००३ मध्ये मुंबईत सुरू झालेले धीरूभाई अंबानी इंटरनॅशनल स्कूल यांमुळे हे नाव मध्यमवर्गापर्यंत पोहोचले.

तिसरा मार्ग दुहेरी प्रवेशाचा. यात शाळेतील विद्यार्थी जवळच्या महाविद्यालयातील खराखुरा अभ्यासक्रम पूर्ण करतो आणि त्याचे गुण शाळा व महाविद्यालय या दोन्ही खात्यांत जमा होतात. मिनेसोटा राज्याने १९८५ मध्ये ही सोय कायद्याने दिली. वॉशिंग्टन राज्याची 'रनिंग स्टार्ट' योजना १९९० ची. तेथे अकरावी-बारावीचे विद्यार्थी शिक्षणशुल्क न भरता सामुदायिक महाविद्यालयात शिकू शकतात. एपीत सारे काही एका दिवसाच्या परीक्षेवर अवलंबून असते. येथे सत्रभर केलेल्या कामाला मोल मिळते. मात्र त्या श्रेयांकांना त्याच राज्यातील सरकारी विद्यापीठात जो मान मिळतो, तो दुसऱ्या राज्यात किंवा खासगी विद्यापीठात मिळेलच याची हमी नसते.

प्रवेशाच्या वेळी काय पाहतात?

निवड कडक असलेली अमेरिकी विद्यापीठे अर्जदाराने काय मिळवले याबरोबरच, त्याला उपलब्ध असलेल्यांपैकी त्याने काय घेतले, हेही पाहतात. शेकडो महाविद्यालये वापरत असलेल्या 'कॉमन अ‍ॅप्लिकेशन'मध्ये शाळेच्या समुपदेशकाने भरावयाचा एक भाग असतो. त्यात विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम शाळेतील इतरांच्या तुलनेत किती आव्हानात्मक होता, याची प्रतवारी मागितलेली असते. शाळेची माहितीपत्रिकाही सोबत जाते. तीत शाळा कोणते प्रगत विषय शिकवते हे नमूद असते.

याचा अर्थ असा, की वीस एपी विषय असलेल्या शाळेतील मुलाने दोनच घेतले तर ते खटकते. परंतु ज्या शाळेत एकही एपी नाही, तेथील मुलाकडे एपी नसणे हा दोष मानला जात नाही. राज्य मंडळाच्या किंवा सीबीएसईच्या शाळेतून अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला हे सूत्र फार महत्त्वाचे आहे. त्याच्या अर्जाचे मूल्यमापन त्याच्या मंडळाच्या चौकटीत होते. एपीचे गुण असले तर ते पूरक पुरावा ठरतात. नसले तर दार बंद होत नाही.

विषयांची संख्या वाढवत नेण्यालाही मर्यादा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठ समूह अर्जदाराची सरासरी काढताना प्रगत विषयांचे जादा गुण जास्तीत जास्त आठ सत्रांपुरतेच, म्हणजे चार वार्षिक विषयांइतकेच धरतो. त्यानंतरचा एपी विषय विद्यार्थ्याच्या ज्ञानात भर घालील, पण त्या सरासरीत घालणार नाही. दहा-बारा विषयांचा ढीग रचणाऱ्या पालकांनी हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

श्रेयांकांचा हिशेब

'एपी केले की एक वर्ष वाचते, शुल्क वाचते' असे सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. अमेरिकेतील पदवीला सामान्यतः १२० श्रेयांक लागतात. म्हणजे आठ सत्रांत दर सत्राला पंधरा. एका एपी परीक्षेतील चांगल्या गुणांना अनेक विद्यापीठे तीन ते चार श्रेयांक देतात. चार परीक्षा चांगल्या गुणांनी पार पडल्या, तर कागदोपत्री एक सत्र भरते.

कागदावरचे हे सत्र प्रत्यक्षात वाचेलच असे नाही. पहिली अडचण अशी, की श्रेयांक द्यायचे की नाही हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते. इलिनॉयसारख्या काही राज्यांत सरकारी विद्यापीठांना तीन गुणांवर श्रेयांक देणे कायद्याने बंधनकारक आहे. याउलट डार्टमथ कॉलेजने २०१४ मध्ये दाखल झालेल्या विद्यार्थ्यांपासून एपीसाठी पदवीचे श्रेयांक देणे बंद केले. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीही ते देत नाही. म्हणजे प्रवेशासाठी एपीकडे सर्वाधिक बारकाईने पाहणाऱ्या संस्थांपैकी काही जणी प्रवेशानंतर त्याला श्रेयांकांचे मोल देत नाहीत.

दुसरी अडचण शुल्काच्या रचनेत आहे. अनेक विद्यापीठांत पूर्णवेळ विद्यार्थ्याचे शुल्क सत्रागणिक ठरलेले असते. बारा श्रेयांक घ्या किंवा सोळा, रक्कम तीच. तेव्हा संपूर्ण सत्र वगळून लवकर पदवी घेतली, तरच पैसे वाचतात. विद्यार्थी-व्हिसावर गेलेल्या भारतीय मुलाला तर पदवीसाठी दर सत्रात सामान्यतः किमान बारा श्रेयांक घ्यावेच लागतात. त्यामुळे 'थोडे-थोडे विषय घेऊन खर्च कमी करू' हा मार्ग त्याला खुला नाही. तिसरी अडचण विषयसाखळीची. अभियांत्रिकीत एकापुढे एक गुंफलेले विषय असतात. इतिहासाचे किंवा मानसशास्त्राचे श्रेयांक मिळाले म्हणून ती साखळी आखूड होत नाही. वैद्यकीय शिक्षणाकडे जाणाऱ्यांनी आणखी सावध असावे. तेथील अनेक वैद्यकीय महाविद्यालये पूर्वतयारीच्या विज्ञान विषयांसाठी एपीचे श्रेयांक ग्राह्य धरत नाहीत. तो विषय विद्यापीठात पुन्हा शिकावा लागतो.

असे असले तरी श्रेयांक अगदीच निरुपयोगी नाहीत. प्राथमिक विषय सुटल्याने दुसऱ्या शाखेतील पदवी जोडणे, प्रयोगशाळेत लवकर काम मिळविणे, एखादे सत्र परदेशी जाणे किंवा हव्या त्या विषयासाठी आधी नोंदणीची संधी मिळणे, असे लाभ अनेकांना होतात. पैशांपेक्षा मोकळीक, हा त्यांचा अधिक खरा फायदा आहे.

संशोधन काय सांगते?

एपी घेतलेली मुले महाविद्यालयात पुढे असतात, हे आकडे नेहमी पुढे केले जातात. पण अवघड अभ्यास घेतला म्हणून मूल पुढे गेले, की पुढे जाणारेच मूल अवघड अभ्यास घेते? आडात असेल ते पोहऱ्यात येणारच. हा गुंता सोडविण्याचा प्रयत्न अनेक अभ्यासकांनी केला आहे.

अमेरिकेच्या शिक्षण खात्यासाठी क्लिफर्ड अ‍ॅडलमन यांनी १९९९ मध्ये केलेल्या गाजलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता, की पदवी पूर्ण होण्याशी सर्वांत घट्ट नाते शाळेतील अभ्यासक्रमाच्या कसाचे असते; परीक्षेतील गुण किंवा वर्गातील क्रमांक यांचे नव्हे. त्यातही विद्यार्थ्याने गणितात कुठवर मजल मारली, याला विशेष वजन होते. ही झाली एक बाजू.

२००४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांवर सॉल गायझर व मारिया व्हेरोनिका सांतेलिसेस यांनी केलेल्या पाहणीत मात्र वेगळे चित्र दिसले. विद्यार्थ्याने किती एपी वर्ग घेतले, या संख्येचा महाविद्यालयातील कामगिरीशी फारसा संबंध आढळला नाही. एपी परीक्षेतील गुणांचा मात्र बळकट संबंध आढळला. टेक्सासमधील विद्यार्थ्यांवर क्रिस्टिन क्लोपफेनस्टाइन व कॅथलीन थॉमस यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यासही याच दिशेचा होता. विद्यार्थ्याचे बाकीचे विषय व पार्श्वभूमी लक्षात घेतली, की निव्वळ एपी वर्गात बसल्याचा पहिल्या वर्षीच्या यशावर ठाम परिणाम दिसत नाही. थोडक्यात, गुणपत्रिकेवरचे नाव नव्हे, तर विषय प्रत्यक्ष आत्मसात होणे मोलाचे.

जोनाथन स्मिथ, मायकेल हरविट्झ व क्रिस्टोफर एव्हरी यांनी २०१७ मध्ये आणखी बारीक चाळणी लावली. श्रेयांक देणाऱ्या गुणाच्या अगदी अलीकडे व अगदी पलीकडे असलेले विद्यार्थी त्यांनी ताडून पाहिले. बुद्धीने ही मुले जवळपास सारखीच. फरक फक्त श्रेयांक मिळाले की नाही, इतकाच. श्रेयांक मिळालेल्यांचे चार वर्षांत पदवी पूर्ण होण्याचे प्रमाण दर परीक्षेमागे एक ते दोन टक्क्यांनी अधिक होते. परिणाम छोटा, पण खरा.

सर्वांत बोलका प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या शाळांत एपी विज्ञान नव्याने सुरू होत होते, तेथे इच्छुक विद्यार्थ्यांपैकी कोणाला त्यात प्रवेश द्यायचा हे सोडतीच्या पद्धतीने ठरविण्यात आले. डिलन कॉंगर व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की एपीत गेलेल्यांच्या वैज्ञानिक कौशल्यात भर पडल्याच्या खुणा होत्या. मात्र महाविद्यालयीन विज्ञानात आपण यशस्वी होऊ हा त्यांचा विश्वास घटला होता व ताण वाढला होता. लाभ आणि भार हे एकाच पदरात येतात, हे यातून स्पष्ट व्हावे.

ताणाची दुसरी बाजू

हा भार न्यू जर्सीतील भारतीय कुटुंबांना चांगलाच परिचित आहे. मराठी माणसांची लक्षणीय वस्ती असलेल्या या राज्यातील वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो या शिक्षण जिल्ह्यात २०१५ मध्ये अधीक्षक डेव्हिड एडरहोल्ड यांनी पालकांना प्रदीर्घ पत्र लिहिले. अतिस्पर्धेमुळे मुलांच्या मानसिक स्वास्थ्यावर होणाऱ्या परिणामांकडे त्यांनी लक्ष वेधले आणि मोठ्या सत्रपरीक्षा रद्द करणे, काही रात्री गृहपाठमुक्त ठेवणे, प्रगत गणिताची लवकर होणारी निवड थांबविणे अशी पावले उचलली. त्यावरून पालकांत उभी फूट पडली. आशियाई वंशाच्या अनेक पालकांना, विशेषतः स्थलांतरितांना, हे आपल्या मुलांच्या कष्टांचे अवमूल्यन वाटले. ज्यांना नव्या देशात ओळखीपाळखी नाहीत, वारसा नाही, त्यांच्या हाती अभ्यास हेच एक शस्त्र असते. तेच बोथट केले जात असल्याची त्यांची भावना होती. दुसऱ्या बाजूला मुलांची झोप हरपत होती, हेही खरे होते. कोणा एकालाच बरोबर म्हणून मोकळे होता येऊ नये, असा तो वाद होता.

काही शाळांनी एपीलाच रामराम ठोकला. न्यूयॉर्कजवळील स्कार्सडेल हायस्कूलने २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याऐवजी स्वतःचे प्रगत विषय सुरू केले. जून २०१८ मध्ये वॉशिंग्टन परिसरातील आठ खासगी शाळांनी २०२२ पर्यंत एपी बंद करण्याचे जाहीर केले. परीक्षेच्या चौकटीमुळे खोलवर शिकविता येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. यातली मेख अशी, की नाव मोठे असलेल्या शाळांना असा निर्णय परवडतो, कारण विद्यापीठे त्यांना ओळखतात. गारफिल्डसारख्या अनोळखी शाळेतील मुलाकडे आपली पात्रता सिद्ध करण्यासाठी बाहेरच्या परीक्षेखेरीज दुसरे काय असते? १९८२ च्या त्या बारा विद्यार्थ्यांना न्याय मिळाला, तो परीक्षेतील गुणांमुळेच.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी काय ध्यानात घ्यावे?

पहिला मुद्दा वेळापत्रकाचा. एपी परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात असते. त्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीची परीक्षा, जानेवारी व एप्रिलमध्ये जेईई मेन, एप्रिल-मेमध्ये राज्याची सीईटी आणि मेच्या आरंभी नीट. दोन्ही दगडांवर पाय ठेवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याची यात दमछाक होते. शिवाय बारावीनंतर मे महिन्यात दिलेल्या परीक्षेचा निकाल जुलैत येतो. तोवर अमेरिकी विद्यापीठांचे प्रवेश ठरून गेलेले असतात. म्हणजे तो गुण फार तर श्रेयांकांसाठी उपयोगी, प्रवेशासाठी नाही. प्रवेशात उपयोग व्हायचा असेल, तर परीक्षा अकरावीच्या अखेरीस द्यायला हवी.

दुसरा मुद्दा खर्चाचा. २०२५ मध्ये एका एपी परीक्षेचे शुल्क अमेरिकेत ९९ डॉलर, तर अमेरिकेबाहेर १२९ डॉलर होते. केंद्राचा आकार त्यावर वेगळा असू शकतो. शिकवणीचा खर्च तर त्याहून कितीतरी मोठा.

तिसरा मुद्दा भारतातील मान्यतेचा. एपी हे स्वतंत्र बारावीचे प्रमाणपत्र नव्हे. आयबी डिप्लोमाला बारावीशी समकक्षता आहे. परंतु पुढे भारतातच शिकायचे ठरल्यास विषयनिवडीवर सारे अवलंबून असते. अभियांत्रिकीसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय लागतात. आयबीत कलेचा विषय सोडून दुसरे विज्ञान घेतल्यास हे जमते. वैद्यकीय शाखेसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र ही तिन्ही विज्ञाने आवश्यक. आयबीच्या नेहमीच्या रचनेत ती एकत्र बसत नाहीत. शाळेमार्फत विशेष परवानगी घ्यावी लागते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने परदेशाचा विचार बदलला, तर परतीची वाट मोकळी आहे ना, हे अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशीच पाहून ठेवणे शहाणपणाचे. आयबीच्या मे महिन्यातील परीक्षेचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो. बारावीच्या निकालानंतर लगेच सुरू होणाऱ्या येथील महाविद्यालयांच्या प्रवेशफेऱ्यांशी त्याचा मेळ बसतो की नाही, हेही तपासायला हवे.

चौथा मुद्दा अनेकांच्या नजरेतून निसटतो. अमेरिकी विद्यापीठे नववी ते बारावी अशा चारही वर्षांची गुणपत्रिका मागतात. आपल्याकडे अकरावीचे वर्ष हे 'विश्रांतीचे' किंवा केवळ खासगी क्लासचे मानण्याची रीत पडली आहे. महाविद्यालयात हजेरी नाही आणि अकरावीचे गुण जेमतेम, अशा स्थितीत एपीचे दोन-तीन चांगले गुण जोडल्याने ती उणीव झाकली जात नाही. आधी घरचे पान नीट भरावे, मग बाहेरच्या पक्वान्नांकडे वळावे.

ज्यांना या परीक्षा परवडत नाहीत, त्यांनी हातपाय गाळण्याचे कारण नाही. मुंबईत मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र गणित व विज्ञान ऑलिम्पियाडचे राष्ट्रीय काम पाहते. पुण्यातील भास्कराचार्य प्रतिष्ठानसारखी संस्था गणिताच्या प्रगत अभ्यासाची गोडी अनेक वर्षे लावत आली आहे. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या मंचावर महाविद्यालयीन पातळीची व्याख्याने विनाशुल्क ऐकता येतात. पाठ्यपुस्तकापलीकडे जाण्याची आस दाखविणारा कोणताही पुरावा प्रवेश समितीपुढे बोलका ठरतो. त्यावर एपीचा शिक्का असलाच पाहिजे असे नाही.

किती आणि कशासाठी?

मग निर्णय कसा करावा? ज्या विषयात पुढे जायचे, त्यातील एक-दोन प्रगत विषय मनापासून घ्यावेत. त्याआधीचा पाया पक्का आहे याची खात्री करून घ्यावी. गणिताला झुकते माप देण्यास संशोधनाचा आधार आहे. ज्या विद्यापीठांचा विचार चालू आहे, त्यांच्या संकेतस्थळावर कोणत्या विषयाला, किती गुणांवर, किती श्रेयांक मिळतात हे आधी वाचावे. शेजाऱ्याच्या मुलाला काय मिळाले यावर विसंबू नये. आणि झोप, खेळ व इतर विषयांतील गुण यांपैकी काही घसरू लागले, तर एक विषय कमी करण्यात कमीपणा मानू नये.

एस्कलांते यांची कथाही अखेर हेच सांगते. चित्रपटात एका वर्षात चमत्कार घडल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात ते १९७४ मध्ये शाळेत आले; कॅलक्युलसचा पहिला वर्ग सुरू व्हायला त्यानंतर चार-पाच वर्षे गेली आणि त्यातून जेमतेम पाच विद्यार्थी परीक्षेपर्यंत पोहोचले. मधल्या काळात खालच्या इयत्तांतील गणित सुधारण्यात, उन्हाळी वर्ग उभारण्यात, शनिवारीही मुलांना बोलावून शिकविण्यात त्यांचे कष्ट गेले. १९८७ मध्ये गारफिल्डचे पंच्याऐंशी विद्यार्थी कॅलक्युलसमध्ये उत्तीर्ण झाले. १९९१ मध्ये एस्कलांते शाळा सोडून गेले आणि पाचेक वर्षांतच ही संख्या डझनाच्या आसपास घसरली. परीक्षा तीच होती, अभ्यासक्रम तोच होता, इमारतही तीच. गेले होते ते पायापासून शिकविणारे हात. प्रगत अभ्यासक्रमाचे खरे मोल त्याच्या नावात नसून त्याखालच्या पायात असते, हे पालकांना व शाळांना उमगले, तर मुलांच्या पाठीवरचे ओझे थोडे हलके होईल आणि पदरात पडणारे दान मोठे.